पातळ हाउसिंगमध्ये बेअरिंग: दाबून, तापवून की चिकटवून?

गोव्यातल्या डिचोली-सांगे खाणपट्ट्यातल्या कन्व्हेयरच्या रोलरमध्ये आणि फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाच्या मोटरमध्ये ६२०४ या एकाच क्रमांकाचं बेअरिंग असू शकतं: आत २०, बाहेर ४७, रुंदी १४ मिलिमीटर. एकाचं हाउसिंग (बेअरिंग ज्या भोकात बसतं तो भाग) पत्र्याचं, दुसऱ्याचं ॲल्युमिनियमचं कव्हर; दोन्ही पातळ. तरी दोघांना एकच फिट, म्हणजे रिंग भोकात बसण्याचा घट्ट-सैलपणा, चालत नाही.

रोलरचा शाफ्ट स्थिर असतो आणि हाउसिंग फिरतं. बाहेरची रिंग जरा सैल राहिली की ती हाउसिंगमध्ये सरकत राहते आणि भोक खात जाते. तिथे घट्ट फिट हवीच. मोटरमध्ये शाफ्ट फिरतो, त्यामुळे बाहेरच्या रिंगला हाताने रेटून सरकेल एवढी फिट बहुतेक वेळा पुरते. उलट दोनपैकी एक बेअरिंग सरकतं ठेवावंच लागतं. नाहीतर तापून लांब झालेला शाफ्ट दोन्ही बेअरिंगांना बाजूने रेटतो. ‘कव्हर एकदम जाम करून दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधी समजावून सांगावं.

घट्ट फिट हवीच असेल तर खरी अडचण भिंतीची. जाड बिडात बेअरिंग दाबलं की रिंग आकसते. पातळ भिंत मात्र स्वतःच फुगते, म्हणून भोक तेवढंच लहान ठेवूनही पकड कमी मिळते. त्यामुळेच पातळ हाउसिंग, जड भार आणि फिरती बाहेरची रिंग असं जुळून आलं की पी७ नावाची प्रमाणित घट्ट फिट सांगतात. तिच्यात ४७ चं भोक १७ ते ४२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लहान ठेवतात. रिंग स्वतः ० ते ११ मायक्रॉन लहान असते, म्हणजे प्रत्यक्षात ६ ते ४२ मायक्रॉनची ओढ (रिंग भोकापेक्षा तेवढी मोठी). रिंग आवळली की आतल्या गोळ्यांची ढील कमी होते, आणि साध्या ६२०४ मध्ये ती ५ ते २० मायक्रॉनच असते. इथे १३ ते २८ ढिलीचं, सी३ खुणेचं बेअरिंग घ्यावं.

थंडच प्रेसने दाबणं सर्वांत झटपट. पोलादी पत्र्याच्या रोलरला, भोक गोल असेल तर, मी हेच करेन. दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा आणि हाउसिंगला बरोबर खालून आधार. आतल्या रिंगवर हातोडा पडला की गोळ्यांचे खड्डे मार्गात उमटतात आणि बेअरिंग नवं असतानाच घरघरतं. ॲल्युमिनियमला ही पद्धत मला आवडत नाही. रिंग भोक खरवडत आत जाते, आणि कव्हरला एका बाजूलाच रिब (मजबुतीची उभी पट्टी) असेल तर भोक लंबगोल होतं. बेअरिंगची रिंगही पातळच, ती निमूट तोच आकार घेते.

ॲल्युमिनियमला कव्हर तापवणं उत्तम. तापमान ८० अंशांनी वाढवलं तर ४७ चं भोक सुमारे ८६ मायक्रॉन मोठं होतं, बेअरिंग अलगद पडतं. (पोलादी हाउसिंगला तेवढ्याच उष्णतेत जेमतेम ४५ मिळतात.) ओव्हन असेल तर उत्तम, ब्लो लॅम्पने एकाच जागी आच लागते. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर चुकीचा, कमी आकडा दाखवते, म्हणून काळी टेप लावून तिच्यावर मोजा. बेअरिंग भोकाच्या तळाशी असलेल्या खांद्याला टेकल्यावर कव्हर निवेपर्यंत दाबून धरा. सीलबंद बेअरिंग मात्र स्वतः ८० अंशांपुढे तापवू नये, ग्रीस बिघडतं.

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. उणे १८ वर ते फार तर २७ मायक्रॉन आकसतं, आणि गोव्याच्या दमट हवेत बाहेर काढताच त्यावर दव धरतं. तो ओलावा भोकात बंद करून गंजाला बोलावणं आलंच. मी तरी या वाटेला जाणार नाही.

तापवून बसवलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. चालताना कव्हर आणि रिंग दोन्ही ५० अंशांनी तापले की सुमारे २६ मायक्रॉनची ओढ निघून जाते. थंडीत घट्ट वाटलेली रिंग दुपारी फिरू लागते ती यामुळेच.

अशा जागी, किंवा भोक आधीच खाल्लेलं असेल तर, रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे रिंग भोकात चिकटवणारा द्रव. भोक थोडं सैलच ठेवायचं, त्यामुळे भिंतीवर ताण येत नाही. फट भरल्याने खारी हवाही आत शिरत नाही. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि झिंक केलेल्या पृष्ठभागावर ते सावकाश धरतं, म्हणून ॲक्टिव्हेटर (ते लवकर धरावं म्हणून आधी मारायचा द्रव) मारावा आणि पूर्ण २४ तास थांबावं. तेलाचा अंश राहिला तर काही खरं नाही. पुढे बेअरिंग काढायचं असेल तर मध्यम ताकदीचं घ्या. जास्त ताकदीचं सोडवायला एवढी आच द्यावी लागते की पातळ कव्हरच वाकडं होण्याची भीती. सरकतं ठेवायच्या बेअरिंगला अर्थातच हे लावायचं नाही.

भोकात पंचाने टिंब मारून बेअरिंग घट्ट करणं स्वस्त पडतं, पण रिंग तेवढ्या टोकांवरच टेकते आणि टोकं लवकर चेपतात. भोक फार मोठं झालं असेल आणि भिंतीत जाडी उरली असेल, तर लेथवर बोअर करून स्लीव्ह (आत बसवायची नळी) टाका. जाडी उरली नसेल तर नवं कव्हर घ्या.