ऑफिस शांत करायला गेलो, ४,१५,००० घालवून बसलो

लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, लाज वाटते म्हणून. दुसऱ्यांचे हिशोब तपासून पोट भरणारा माणूस मी, आणि मलाच इंटिरियरवाल्याने टोपी घातली.

पुण्यात कर्वे रोडला आमचं टॅक्सचं ऑफिस, ११ जण, पहिला मजला, दिवसभर हॉर्न. आकडे जुळवणारी पोरं कानात कापूस घालून बसायची, खरंच कापूस. म्हटलं एकदाचं नीट करून टाकू, साउंडचे पॅनेल, बऱ्या खुर्च्या, डोळ्यांना त्रास न देणारे लाइट. कोटेशन ६,८४,०००. माणूस गोड, बोलणं पक्कं, टेबलावर ५०० लक्स उजेड पाहिजे, पॅनेलमध्ये ४८ डेन्सिटीची रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, खुर्चीला क्लास ४ गॅस लिफ्ट, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा सिलिंडर. मी नेटवर शोधून पाहिलं तर सगळं बरोबरच निघालं. तिथेच मेलो.

"आमचं काम बघा" म्हणून बाणेरच्या एका आयटी ऑफिसात घेऊन गेला. खाली वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'काम' या रकान्यात त्याने लिहिलं 'इंटरव्ह्यू'. मी वाचलं हो ते! आणि त्याच्याखाली डिट्टो मारून सही ठोकली. वर रिसेप्शनला उभं राहून काचेतून दाखवलं, आत मीटिंग चालूय म्हणे. ज्याने ऑफिस बांधलं त्याला आत शिरायला इंटरव्ह्यू कशाला सांगावा लागतो, हा प्रश्न मला पडला तीन महिन्यांनी, रात्री दोन वाजता.

पैसे कसे गेले तेही लिहितो. २,५०,००० अॅडव्हान्स, १,२०,००० मटेरियलचे, ४५,००० कॅश, खुर्च्यांच्या नावाने. पहिले दोन्ही त्याच्या सेव्हिंग खात्यात, कारण फर्मचं करंट खातं "ऑडिटमध्ये अडकलंय". हे मला सांगितलं, मला! फर्मच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया टाकू नका. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटं लागतात, क्लायंटसाठी मी रोज बघतो, याचा बघितला नाही. नंतर बघितला तर कॅन्सल्ड. आता हसाल, पण जुलैत रिटर्नच्या गर्दीत आमच्याकडे डबा उघडायला वेळ नसतो, धंद्यातल्यांना विचारा.

आलं काय तर २२ पॅनेल आणि ६ खुर्च्या. एक पॅनेल पडलं, कापड फाटलं, आत थर्माकोल आणि टीव्हीच्या खोक्यात असतो तसला फोम. सॅम्पल चांगलं जड होतं, हे एका हाताने उचललं. सॅम्पल स्वतःकडे ठेवून घ्या आणि आलेला माल त्याच्यासमोरच वजन करा. खुर्चीचं तर विचारूच नका, आमच्या अकाउंटंट मॅडम सकाळी टेबलाच्या वर असतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत हनुवटी कीबोर्डला. सिलिंडरवरचा शिक्का बघा, कोटेशनमधलं वाक्य नाही.

आणि वरताण म्हणजे खरी रॉकवूल असती तरी हॉर्न थांबलाच नसता. पॅनेल खोलीतला घुमारा कमी करतं, रस्त्याचा आवाज खिडकीच्या फटीतून येतो. हे आमच्या अॅल्युमिनियमवाल्याने फुकटात सांगितलं.

पोलीस चौकीत तीन चकरा. "साहेब, थोडं काम केलंय ना त्याने? मग हे सिव्हिल, वकील गाठा." अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. दुसऱ्या हद्दीत पाठवलं, तिथून परत पहिल्या हद्दीत. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला तर पैसे तुम्हीच दिलेत ना. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर सांगितलं धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. म्हणजे घरच्या मिक्सरला ग्राहक आणि चार लाख बुडाले की कोणीच नाही? बँकेने तक्रार नंबर दिला आणि चार दिवसांत 'निवारण झाले' असा मेसेज. कसलं निवारण?

वकील म्हणतात, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवा, तर फसवणुकीचं कलम ३१८ टिकेल. म्हणून परवा बाणेरच्या त्या बिल्डिंगमध्ये गेलो, रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो मागायला. वॉचमन म्हणाला जुनं रजिस्टर वर ऑफिसात जमा आहे, पत्र आणा, आणि आधी इथे सही करा, काम काय ते लिहा.