चकाकत परत आलेलं हेड माझं नव्हतंच

गेल्या वर्षी इंजिनकामात माझे 58 हजार रुपये बुडाले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की गाडीचं मूळ सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह बसतात तो भाग, कायमचं गेलं. कोल्हापुरात आणि आसपास जुन्या गाड्यांची इंजिनं घरी उघडणारी पोरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी 2002 ची होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. आण्णांनी नवी घेतलेली. 1493 सीसी, 106 बीएचपी, सोळा व्हॉल्व्ह. त्या काळात एवढ्या किमतीत असं पळणारं इंजिन दुसरं नव्हतं, आणि सुटे भाग जपून मिळवावे लागत असले तरी आजही या गाडीवर जीव टाकणारे लोक आहेत. कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर एकदा तरी ही गाडी घेऊन जायचं, असं माझ्या मनात कॉलेजपासून होतं. म्हणून इंजिन उघडून साफ करायचं, पिस्टन बदलायचे आणि हेडचं पोर्टिंग (हवा आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा घासून मोकळ्या करणं) करून घ्यायचं ठरवलं. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. लोखंड-ॲल्युमिनियम रोज हाताखालून जातं, त्यामुळे भीती नव्हती.

उघडण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजून वहीत लिहिलं: 170 ते 178 पीएसआय. म्हणजे इंजिन मुळात ठणठणीत होतं. हेड उतरवल्यावर त्याची उंची व्हर्निअरनं चार ठिकाणी मोजून तीही लिहून ठेवली. पुढचे दोन रविवार आण्णा आणि मी अंगणात पाट टाकून बसलो होतो. रॉकेलमध्ये भिजवायचं, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, काजळी सुटेना तिथं बांबूची कामटी लावायची. ॲल्युमिनियमवर तारेचा ब्रश किंवा घासायचा चोथा लावला नाही. चोथ्याचे बारीक कण ऑइलच्या वाटांत शिरले की बेअरिंग खातात. सोळा व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचले, कारण ज्या सीटवरून (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडीवरून) काढला त्याच सीटवर तो परत बसला पाहिजे.

पिस्टन आणि हेडसाठी ज्याला गाठलं, त्याचं नाव-गाव इथं लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. रेसची इंजिनं करतो म्हणून ओळखीच्या दोघांनी नाव सुचवलेलं. बोलणं अगदी गोड. "भावा, तुझी गाडी म्हणजे माझी गाडी" हे वाक्य पहिल्या फोनवरच. फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि रिंगांचे 46 हजार आधी भरायला लावले. "माल बाहेरून मागवावा लागतो, ॲडव्हान्सशिवाय कुणी हलत नाही." मी यूपीआयनं पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "काम झाल्यावर एकदमच करू."

पाच आठवड्यांनी पिस्टन आले. मी एक उलटा करून आत बॅटरी मारली. कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, पिस्टनच्या पोटात कोअरच्या (आतल्या साच्याच्या) जोडरेषा राहतात. दिवसभर कास्टिंग बघणाऱ्याला त्या लगेच दिसतात, आणि या चारही पिस्टनमध्ये त्या स्वच्छ दिसत होत्या. साधे कास्ट पिस्टन, फोर्ज्डच्या भावात. त्याला फोटो पाठवले. तासाभरात स्वतःहून फोन आला. आवाज पडलेला. "भावा, मलाच फसवलं पुढच्यानं. तुझी नजर भारी आहे." पिस्टन परत घेतले, 20 हजार त्याच दिवशी माझ्या खात्यावर जमा केले आणि उरलेले 26 हजार हेडच्या कामात धरू म्हणाला.

इथंच मी सापडलो. चूक कबूल करून पैसे परत करणारा माणूस मला प्रामाणिक वाटला. पिस्टनवरून जो संशय यायला हवा होता, तो त्या 20 हजारांनी पुसून टाकला. आता मागं वळून पाहतो तेव्हा वाटतं, ते 20 हजार म्हणजे हेड मिळवण्यासाठी त्यानं लावलेला गळ होता. बिघाड नसलेलं, तडा नसलेलं या गाडीचं मूळ हेड आज सहज मिळत नाही, आणि माझं तसं आहे हे त्याला मी पाठवलेल्या फोटोंवरून कळलं होतं.

आण्णा एवढंच म्हणाले होते, "हेड टाकून येऊ नको. तिथं बसून काम करून घे." कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, आजही तीच रीत आहे. गाळ्यात स्टुलावर बसायचं, फेसिंग (हेडचा तळ मशिनवर घासून सपाट करणं) होईपर्यंत चहा प्यायचा, आपला जॉब आपल्या डोळ्यांपुढं मशिनवर चढतो आणि उतरतो. हा मात्र म्हणाला, "आपल्याकडं डस्ट-फ्री रूम आहे, गिऱ्हाइकाला आत सोडत नाही." मी हेड, व्हॉल्व्ह, पुठ्ठा, सगळं त्याच्या हवाली करून आलो. पोर्टिंग, सीट कटिंग, नव्या स्प्रिंगा आणि जेमतेम दोन दशांश मिलिमीटर फेसिंग, असं एकूण 58 हजारांना ठरलं. "अठरा बीएचपी वाढवून देतो" हेही ठरलं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तोच, पिस्टन आता जुनेच, मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) तोच, आणि नुसत्या पोर्टिंगवर या इंजिनात अठरा बीएचपी? हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

तीन आठवड्यांनी हेड आलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, बाहेरून चंदेरी रंग मारलेला, इनटेकचे पोर्ट आरशासारखे. मी हरखलो. उरलेले 32 हजार तिथंच दिले. इनटेक पोर्टला आरशाची चकाकी नकोच असते. भिंत थोडी खरखरीत असली तर पेट्रोलचे थेंब तिला चिकटून वाहत नाहीत, हवेत नीट मिसळतात. चकाकी करायचीच तर एक्झॉस्टला, तिथं काजळी कमी धरते. हे मला वाचून ठाऊक होतं, तरी डोळ्यांना जे सुंदर दिसलं त्याच्यापुढं ते आठवलं नाही. पुठ्ठा परत आला नाही, व्हॉल्व्ह बसवूनच आले होते. उंची मोजली नाही. आपल्या अंगणात बसून आपण एवढं निगुतीनं केलेलं काम पुढच्यानंही तसंच केलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

इंजिन बांधलं, नवं हेड गॅस्केट, नवा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. पहिले काही दिवस गावातल्या गावात चालवली. साधारण तीनशे किलोमीटर झाल्यावर एका रविवारी पहाटे गगनबावड्याकडं निघालो. असळजच्या पुढं चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा हलला. थांबून बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली उकळल्यासारखी बुडबुडत होती. डिपस्टिक काढली, तिच्या टोकाला दुधाळ चहासारखा फेस, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट शिरलेलं. गाडी टोइंगनं घरी आणली. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 128.

फोन केला. उत्तर तयार होतं: "तू बोल्ट बरोबर ताणले नाहीस, म्हणून तापली. घरी इंजिन बांधायचे धंदे असेच होतात." मला एक रात्रभर ते खरं वाटलं, हे सांगायला हवं. टॉर्क रेंच (बोल्ट किती ताणला ते दाखवणारा पाना) पुन्हा तपासला, वहीतले आकडे पुन्हा वाचले. मग हेड उतरवलं.

आमच्या हेडला एक खूण होती. 2014 मध्ये एक्झॉस्टच्या एका स्टडचे आटे गेले होते, तेव्हा उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी तिथं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली आणि शेजारी सेंटर पंचानं तीन टिंबं ठोकली, त्रिकोणात. ही त्यांची सवय होती, आपण केलेलं काम पुढं ओळखू यावं म्हणून. हेड चंदेरी होऊन आलं तेव्हा टिंबं दिसली नव्हती, रंगाखाली गेली असतील असं वाटलेलं. आता कापसाच्या चिंधीवर थिनर घेतला आणि ती जागा पुसायला लागलो. रंग सुटत गेला, खालचं करडं ॲल्युमिनियम उघडं पडलं. टिंबं नव्हती. हेलिकॉइल नव्हती, सरळ मूळ आटे होते. आण्णा दारात उभे होते. मी काही न बोलता चिंधी त्यांच्या हातात दिली, त्यांनीही पुसून बघितलं.

व्हर्निअर लावला. वहीतल्या उंचीपेक्षा सहा दशांश मिलिमीटर कमी. कुणाचं तरी तापून वाकलेलं हेड बेसुमार घासून सरळ केलेलं. दुसऱ्या दिवशी कामावरून डाय पेनेट्रंटचा, म्हणजे रंगानं बारीक तडे दाखवणारा, किट आणला. हेड धुऊन कोरडं केलं, लाल डाय फवारला, पंधरा मिनिटं थांबलो, क्लीनर लावलेल्या फडक्यानं पुसलं आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्या थरातून तिसऱ्या सिलिंडरच्या दोन एक्झॉस्ट सीटच्या मध्ये केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. तडा वरवर वेल्डिंगनं भरून, घासून लपवला होता.

हेड घेऊन उद्यमनगरात त्याच मेस्त्रींकडं गेलो. आता वय झालंय, गाळा मुलगा बघतो. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्ये तुझं न्हवं. कुटं सोडून आलतास?" त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी ओरिजिनल हेड परत मागितल्यावर त्या माणसाचा सूर बदलला. "गाडीत मॉडिफिकेशन केलंयस. तक्रार कर, आरटीओला तुझ्याच गाडीचा नंबर देतो." या धमकीला बरेच जण घाबरतात आणि गप्प बसतात, म्हणून मुद्दाम लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, हे खरं. पण माझ्या गाडीचा इंजिन नंबर तोच, सीसी तेवढंच, इंधन तेच. आणि समजा माझं काही चुकलं असतं, तरी पैसे घेऊन माझा माल बदलायचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही. वकिलांनी हे सांगितल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली होती. पक्कं बिल माझ्याकडं नाही, हा माझ्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा. आधार आहे तो यूपीआयच्या नोंदींचा, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचा आणि साफसफाईच्या रविवारी आण्णांनी मोबाइलवर काढलेल्या एका फोटोचा. त्यात ती तीन टिंबं स्पष्ट दिसतात. तो फोटो काही पुरावा म्हणून काढला नव्हता. हेड स्वच्छ झालं म्हणून आण्णांनी कौतुकानं काढला होता.

तारखा पडताहेत. मधल्या काळात दुसरं जुनं हेड 14 हजारांना मिळालं. पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या समोरच डाय मारून बघितलं, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. फेसिंगला उद्यमनगरात स्टुलावर बसलो, सोबत आण्णा होते.

आमचं हेड अजून कुठंतरी आहे. कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात गेल्या वर्षभरात कुणी या सिटी व्हीटेकचं जुनं हेड विकत घेतलं असेल, तर कृपा करून एक्झॉस्टच्या बाजूला स्टडपाशी बघा. रंग मारलेला असेल तर थिनरनं पुसून बघा. एका आट्यात हेलिकॉइल आणि शेजारी त्रिकोणात तीन टिंबं असतील तर मला कळवा. तुम्ही पैसे मोजून घेतलंय, ते हिसकावून घ्यायला मी येणार नाही. मला फक्त त्या खुणेचा एक फोटो हवा आहे, आणि ते तुम्हाला कुणी विकलं ते.