गिटहब ॲक्शन्स: सगळं देतं, कमिटची वेळ सोडून

गिटहब ॲक्शन्स म्हणजे गिटहबवर बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी सेवा. रिपॉझिटरीचं (कोडच्या साठ्याचं) नाव, ब्रँच, कमिटचा (कोडमधल्या बदलाच्या नोंदीचा) हॅश म्हणजे ओळखक्रमांक, रन क्रमांक सगळं ती आयतं देते. कमिट कधीची, हे सांगणारं व्हेरिएबल मात्र नाही. गिटलॅब सीआय या तशाच सेवेत ‘सीआय_कमिट_टाइमस्टॅम्प’ तयार मिळतं. त्यामुळे या एका बाबतीत ॲक्शन्सला पाचपैकी अडीच.

इव्हेंटच्या पेलोडमध्ये (रन सुरू करणाऱ्या घटनेच्या माहितीत) ‘हेड_कमिट’खाली टाइमस्टॅम्प दिसतो आणि बरेचजण तिथेच फसतात. तो फक्त पुशला, म्हणजे कमिट गिटहबवर पाठवल्यावर असतो. तोच वर्कफ्लो (स्टेप्सची ठरलेली मालिका) पुल रिक्वेस्टवर (बदल सामावून घेण्याच्या विनंतीवर), वेळापत्रकाने किंवा हाताने चालवला की रिकामी स्ट्रिंग येते. एररसुद्धा नाही! डॉकर इमेजच्या टॅगच्या शेवटी ही वेळ जोडत असाल, तर शेपूट तुटलेला टॅग रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या साठ्यात, गेल्यावर कळतं. पुशला वेळ मिळाली तरी एक्स्प्रेशनमध्ये तारखेचं एकही फंक्शन नाही, मग फॉरमॅट बदलायला शेलमध्ये जावंच लागतं.

त्यापेक्षा चेकआउटनंतर, म्हणजे रनमध्ये कोड उतरवणाऱ्या स्टेपनंतर, थेट गिटला विचारावं. ‘गिट लॉग’ला एकच कमिट मागायची, फॉरमॅट ‘%सीटी’. युनिक्स सेकंदांचा साधा आकडा येतो. तो ‘गिटहब_आउटपुट’ फाइलीत लिहिला की पुढच्या स्टेप्सना मिळतो. आयएसओ फॉरमॅट मागितलात तर पुण्यातल्या लॅपटॉपवरची कमिट ‘+०५:३०’ घेऊन येते, आणि डॉकर टॅगला अधिकचिन्हही चालत नाही, कोलनही नाही. ‘%एटी’ घेऊ नका: ती ऑथरची वेळ, रिबेसनंतरही (कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्यावरही) जुनीच राहते, मग नवा बिल्ड क्रमाने जुन्याच्या मागे पडतो.

पुल रिक्वेस्टवर चेकआउट आपली कमिट आणतच नाही, दोन्ही ब्रँच जोडून गिटहबने बनवलेली मर्ज कमिट आणतं. वेळही तिचीच. चेकआउटच्या ‘रेफ’मध्ये पुल रिक्वेस्टच्या हेडचा हॅश द्यावा.

चेकआउटची खोली, म्हणजे किती कमिट्सचा इतिहास आणायचा, मुळात १ असते. शेवटच्या कमिटच्या वेळेला तेवढी पुरते. पण प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली हे विचारलंत, तर सगळ्या फाइलींना एकच तारीख येते. तिथे ‘फेच-डेप्थ’ ०, म्हणजे सगळा इतिहास, हवं, आणि मोठ्या रिपॉझिटरीत त्याची किंमत मिनिटांत मोजावी लागते. कंटेनरमध्ये गिट २.१८ पेक्षा जुनं असेल किंवा नसेलच, तर चेकआउट एरर न देता एपीआयवरून नुसत्या फाइली उतरवतं. इतिहासच नाही, तर वेळ कुठली? आधी इमेजमध्ये गिट टाका.

‘%सीटी’चा आकडा जसाच्या तसा ‘सोर्स_डेट_इपॉक’ (बिल्डला तारीख सांगणारं व्हेरिएबल) म्हणून चालतो. डॉकर इमेज बांधणारं बिल्डकिट ०.११ पासून इमेजची तारीख त्यावरून ठरवतं. लेयरमधल्या फाइलींच्या तारखांसाठी ०.१३ आणि ‘रीराइट-टाइमस्टॅम्प’ लागतं.