जळगावातला भाड्याचा कॅराव्हॅन ट्रेलर: हूक पक्के, ब्रेक चोख, पण टाकीची जागा चुकली

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला यंदा मुक्कामी जायचे ठरले, तेव्हा जळगावच्या एमआयडीसीतील एका वर्कशॉपकडून आम्ही छोटा कॅराव्हॅन ट्रेलर तीन दिवसांसाठी भाड्याने घेतला आणि आमच्या गाडीला ओढणीचा हूकही तिथेच बसवून घेतला. आत दोन माणसांची झोपण्याची सोय, गॅसची शेगडी आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी आहे. आत सगळे स्वच्छ होते. मात्र कुटुंबाला घेऊन असे वाहन ओढायचे, तर आधी पाहायची ती जोडणी, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

हूक बंपरला न लावता थेट चासीला बोल्ट केला आहे, आणि तो बसवण्याआधी गाडीच्या माहितीपुस्तिकेतील ओढण्याची क्षमता त्यांनी स्वतःहून तपासली. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची पकड, हूकच्या बॉलवर बसवून लॉक केल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून गाडीचा मागचा भाग थोडा उचलून दाखवला, म्हणजे कुलूप खरोखर बसले आहे याची खात्री पटते. सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून तिरप्या नेल्या होत्या. कपलर निसटलाच, तर दांडा रस्त्यात न रुतता त्या झोळीत अडकतो. ट्रेलर पूर्ण सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार त्यांनी साखळीला न अडकवता स्वतंत्रपणे चासीला बांधली होती. तिची पिन ओढून पाहिली, तेव्हा ट्रेलरवरची छोटी बॅटरी उतरलेली निघाली. कुरकुर न करता त्यांनी लगेच दुसरी बसवली. इलेक्ट्रिक ब्रेकची चाचणी रिकाम्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने झाली, आणि चालकाजवळचा हाताचा खटका दाबताच ट्रेलरने गाडीला मागून स्पष्टपणे धरून ठेवले.

टायरच्या बाबतीत मात्र मला आग्रह धरावा लागला. नक्षी जवळजवळ नवी दिसत होती, पण बाजूवरचे चार अंक 1416 होते, म्हणजे टायर 2016 सालच्या चौदाव्या आठवड्यातला. आपल्याकडचा उन्हाळा उघड्यावर काढलेले इतके जुने रबर नक्षी शाबूत असली तरी भरवशाचे राहत नाही. दोन्ही टायर बदलून मिळाले, त्यासाठी अर्धा दिवस गेला.

खरी अडचण पारोळ्याच्या पुढे आली. ताशी सत्तरच्या वेगात असताना एक कंटेनर शेजारून गेला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खाऊ लागला. प्रत्येक झोक्यासरशी गाडीची मागची बाजू ढकलली जात असल्याचे स्टिअरिंगमध्ये जाणवत होते. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला, तर मागचे ओझे गाडीला आणखी ढकलते, आणि वेग वाढवून झोल काढायला जाणे तर त्याहून घातक. मी स्टिअरिंग सरळ धरले, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि फक्त ट्रेलरचा खटका हलकेच दाबला, तेव्हा तो शांत झाला. गाडी बाजूला घेताच आमच्यासोबतचे नाना खाली उतरले, ट्रेलरभोवती फिरले आणि म्हणाले, "मांगे वजन जास्त व्हई गयं." त्यांनी अर्धे आयुष्य कापसाच्या बैलगाड्या भरल्या आहेत, आणि मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, हे त्यांना नुसत्या नजरेने कळते.

ट्रेलरचा नियम तोच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हूकवर पडला पाहिजे. तो कमी पडला की झोल सुरू होतो. धुळ्यापर्यंत आम्ही चाळीसच्या वेगाने गेलो आणि तिथे धान्याच्या एका गाळ्यावरील प्लॅटफॉर्म काट्यावर, कपलरखाली लाकडी ठोकळा ठेवून, पुढचा भार मोजला. साडेआठशे किलोच्या ट्रेलरचा भार हूकवर अवघा पंचेचाळीस किलो! पाण्याची टाकी एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे बसवलेली आहे, आणि वर्कशॉपने ती काठोकाठ भरून दिली होती. त्यात खुर्च्या आणि तंबूची पेटी आम्हीच मागच्या कप्प्यात टाकली होती. टाकी रिकामी करून पेटी एक्सलच्या पुढे घेतल्यावर काटा पंच्याण्णववर आला. नवीन टायर बसवलेले असल्याने चाकांचे नटही तिथेच पुन्हा आवळले, आणि एका चाकाचे दोन नट खरोखर अर्धा-अर्धा फेरा फिरले. पुढे दोंडाईच्यामार्गे सारंगखेड्यापर्यंत आणि परतीच्या वाटेवरही ट्रेलर एकदाही हलला नाही.

तीन दिवसांचे साडेदहा हजार रुपये भाडे मला रास्त वाटले, आणि हूकच्या कामाला तर पूर्ण गुण देईन. परंतु सामान कुठे ठेवायचे आणि टाकी केव्हा भरायची, याविषयी ग्राहकाला एक शब्दही न सांगता ट्रेलर ताब्यात देणे ही गंभीर चूक आहे, आणि परत करताना मी ती मालकांना काट्याच्या आकड्यांसह दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्यासमोरच ट्रेलरच्या आत एक्सलच्या रेषेवर लाल पट्टी ओढली. टाकी पुढे सरकवायला फरशी कापावी लागेल, असे ते म्हणाले. ते काम होईपर्यंत हा ट्रेलर नेणाऱ्यांनी टाकी रिकामीच न्यावी आणि मुक्कामाला पोहोचल्यावर भरावी.