राजवाड्यासमोरची गॅलरी

रंगपंचमीला किंवा अनंत चतुर्दशीला इंदूरला यायचा बेत असेल आणि राजवाड्याजवळ खोली बघत असाल, तर आगाऊ पैसे पाठवण्याआधी एवढं वाचा. आमचे २६ हजार रुपये गेले, त्यातले फक्त सहा हजार परत आले.

मी मूळचा इंदूरच्या लोकमान्य नगरचा, नोकरी शारजाला. तिथे आम्हा चौघा मित्रांत एक नाशिकचा. दर वर्षी तो तिकडच्या रहाडीचं, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदाचं, कौतुक सांगायचा आणि मी गेरचं: टोरी कॉर्नरहून निघणारी मिरवणूक, टँकरवरून वरच्या मजल्यांपर्यंत उडणारा रंग, राजवाड्यापुढे पाय ठेवायला जागा नाही. २०२४ साली रंगपंचमी नेमकी शनिवारी आली, ३० मार्चला. म्हटलं, या वर्षी चलाच. नाशिकहून त्याची आईही येणार होती. काकूंचे गुडघे दुखतात, गर्दीत उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून गेरच्या रस्त्यावर गॅलरी असलेली जागा हवी होती. आई-बाबांना मात्र मी काहीच कळवलं नव्हतं. शनिवारी रंगाने माखून एकदम दारात उभं राहायचं, असं मनात होतं. सगळा घात या हौसेने केला, कारण ती जागा जाऊन बघू शकेल असा माणूस इंदुरात होता आणि मी त्यालाच विचारलं नाही.

ऑनलाइन जाहिरात पाहून फोन लावला, तर माणूस मराठी निघाला. ‘दादा, आम्हीपण बक्षी गल्लीतलेच, तुम्ही घरचेच.’ रात्री फोन केला की आधी ‘जेवलात का’ विचारायचा. परदेशात हे ऐकायला फार बरं वाटतं हो. मी पत्ता नीट विचारला नाही, घरमालकाचं नाव विचारलं नाही.

त्याने फोटो पाठवला. गॅलरीच्या कठड्यापलीकडे राजवाडा, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, आणि त्या लाकडी मजल्यांना परांची बांधलेली. राजवाड्याची डागडुजी तोवर आटोपलेली होती. दुरुस्त झालेल्या राजवाड्याचे फोटो मला बाबांनीच पाठवले होते. म्हणजे हा फोटो जुना, कुठून तरी उचललेला. परांची मला दिसली होती, पण मी अडखळलो नाही. माझं लक्ष कठड्याजवळच्या खुर्चीवर होतं. काकूंना तिथे बसवायचं, एवढंच डोक्यात.

दोन खोल्या, तीन रात्री, २४ हजार. निम्मे आगाऊ म्हणून १२ हजार पाठवले. यूपीआयवर पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. तिथे एका बाईचं नाव होतं. ‘वहिनीचं खातं आहे.’ आठवड्याने ८ हजार अनामत, निघताना परत मिळणारी. तेव्हा नाव तिसरंच. निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, फोन आला: बाहेरदेशातून येणाऱ्यांची पोलिसांत नोंद करावी लागते, त्याचे ६ हजार, नाहीतर खोली देता येणार नाही. सामान बांधून झालेलं होतं. दिले.

ही नोंद म्हणजे तेव्हाचा सी फॉर्म. तो परदेशी नागरिकांसाठी होता, पाहुणा आल्यापासून २४ तासांत जागेच्या मालकाने ऑनलाइन भरायचा होता आणि पाहुण्याकडून त्याची फी घेतली जात नव्हती. आमच्या सगळ्यांकडे भारतीय पासपोर्ट होते, आम्हाला तो लागूच नव्हता.

शुक्रवारी सकाळी नकाशाने आम्हाला बर्तन बाजारात एका भांड्यांच्या दुकानापुढे आणून सोडलं. दुकानदार नुकतं शटर वर करत होता. आमच्या बॅगा पाहून म्हणाला, ‘आप भी गैलरी वाले? कल से तीसरी पार्टी हो.’ वर खोल्या नव्हत्याच, गोदाम होतं. काकू पायरीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि मुलाला म्हणाल्या, ‘अरे, याला रागावू नकोस.’ ते शब्द मला अजून टोचतात.

फोन मात्र त्याने उचलला. ‘चूक झाली दादा, सगळे पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.’ नाशिककर मित्र स्कॅन करतही होता. दुकानदारानेच त्याचा हात धरला: ‘पैसा लेने में पिन नहीं लगता, भैया.’ खरंच आहे. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. आधीच्या दोन रकमा केव्हाच पुढे सरकल्या होत्या. गुरुवारचे सहा हजार मात्र समोरच्या खात्यात अडवता आले. ते हाती पडायला पाच महिने लागले. तेव्हा फसवणूक कळल्यावर आधी १९३०, मग त्या माणसाशी भांडण. आम्ही दुकानापुढे अर्धा तास त्याच्याशी वाद घालण्यात घालवला होता.

मग सगळे लोकमान्य नगरला घरी. आईने पोहे टाकले, जिलेबी आणवली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, ‘मला सांगायचंस. स्कूटरवर जाऊन बघून आलो असतो.’ गेर काकूंनी बाबांच्या एका जुन्या ओळखीच्यांच्या छतावरून पाहिली, खुर्चीत बसून. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

सप्टेंबरमध्ये अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांआधी, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीआधी, मित्राने एक जाहिरात पाठवली. ‘राजवाड्याजवळ खोली, गॅलरीतून झाँकी बघा.’ नंबर नवा, नाव नवं. फोटो तोच, कठड्याजवळची खुर्चीही तीच, आणि मागे राजवाड्याला अजून परांची बांधलेली.