एअरफिक्सचा स्पिटफायर स्टार्टर सेट: २७ वर्षांनी परत किट हातात घेतलं

रविवारी रात्री साडेअकराला शेवटचा डिकाल (पाण्यात भिजवून लावायचं पातळ स्टिकर) बसला आणि वरचा एक मॅट कोट सोडला तर विमान पूर्ण झालं. एअरफिक्सचं १/७२ स्केलचं स्पिटफायर मार्क वन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं पहिलं मॉडेल, प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून करायचं किट. स्टार्टर सेट, म्हणजे रंगाच्या छोट्या डब्या, दोन ब्रश आणि ग्लू सगळं बॉक्समध्येच येतं. मी शेवटचं किट दहावीच्या सुट्टीत केलं होतं, त्याला आता २७ वर्षं झाली. त्यामुळे अगदी नवीन सुरू करणाऱ्यांना हे उपयोगी पडेलच, पण खरं तर मी लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी लहानपणी कोणीतरी परदेशातून आणलेलं एखाद-दुसरं किट केलं, मग कॉलेज नोकरी लग्न यात ते सुटलं आणि आता परत करावंसं वाटतंय पण नक्की काय घ्यायचं ते कळत नाही.

आधी माझं काय चुकलं ते सांगतो कारण ही चूक बरेच जण करतात. दोन वर्षांपूर्वी मी परत सुरू करायचं ठरवलं आणि थेट १/३५० ची युद्धनौका घेतली, कंपनीचं नाव नाही लिहीत कारण किटमध्ये काहीच खोट नव्हती. शेकडो पार्ट, त्यातले कितीतरी टूथपिकच्या टोकाएवढे, वरून पितळेच्या पत्र्याचे कठडे जे चिमट्यात धरून वाकवायचे. लहानपणी जे परवडलं नाही ते आता घेऊ शकतो म्हणून घेतलं. चार रविवार बसलो, तोफा जोडून झाल्या, पुढे सरकेना, आणि बॉक्स माळ्यावर गेला. हाताची सवय गेलेली असते हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणून या वेळी ठरवलं की छोटं घ्यायचं, तीन आठवड्यात संपेल असं, आणि संपवायचंच.

तर स्पिटफायर. मला साधारण दीड हजारात पडलं. बॉक्स उलटा केला तर बाजूला छापलेलं दिसलं 'मेड इन इंडिया', आणि मला खरंच खूप भारी वाटलं. ब्रिटिश कंपनी, ब्रिटिश विमान आणि प्लास्टिक ओतलंय आपल्याकडे. एअरफिक्स १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन माणसाने सुरू केली, तेव्हा विमानांशी काही संबंध नव्हता, हवा भरलेली रबरी खेळणी करायचे, पुढे कंगवे पण केले. १९५२ मध्ये वूलवर्थ्सच्या दुकानांसाठी गोल्डन हाइंड जहाजाचं किट पिशवीत घालून दोन शिलिंगला विकलं आणि पुढच्या काही वर्षांतच त्यांचं पहिलं स्पिटफायर आलं. म्हणजे हे विमान ते सत्तरएक वर्षं करतायत, अर्थात आत्ताचं किट त्या जुन्या साच्यातलं नाही, नवीन साचा आहे.

१/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंच उंच. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर, लांबी पावणेतेरा, तळहातावर मावतं. पार्ट मोजके, सूचना चित्रांच्या, वाचायचं काही नाही. पहिलं काम म्हणजे सगळ्या फ्रेम (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या) कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवायच्या आणि पंख्याखाली वाळवायच्या. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून जे तेलकट लावतात ते थोडं पृष्ठभागावर राहू शकतं आणि तिथे रंग धरत नाही. हे मला लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हाच्या माझ्या विमानांचा रंग नखाने निघायचा.

सेटमध्ये निपर (पार्ट कापायचा बारीक कटर) येत नाही, आणि निपर लागतोच. हाताने पिळून पार्ट तोडू नका, प्लीज. मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो, म्हटलं काका, एकदम बारीक कटर दाखवा, प्लास्टिक कापायचंय. ते म्हणाले कंपोनंटचे पाय कापायचा देतो, एका बाजूने सपाट असतो, तोच घेऊन जा. दीडशेच्या आसपास. त्यांचं अगदी बरोबर होतं, ती सपाट बाजूच महत्त्वाची. पार्ट एका फटक्यात कापायचा नाही. आधी पार्टपासून चार-पाच मिलिमीटर लांब कापायचं, पार्ट मोकळा झाला की मग सपाट बाजू पार्टकडे करून उरलेला खुंट कापायचा, तोही थोडासा ठेवून, आणि ठेवलेला खुंट हार्डवेअरवाल्याकडच्या ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासायचा. एका झटक्यात कापलं तर प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग पडतो, कधी कधी पार्टचा छोटा टवकाच निघतो.

आता ग्लू, यावर जरा जास्त लिहितो कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक इथे पडला. ट्यूबमधला ग्लू, कुठल्याही कंपनीचा असो, घट्ट असतो आणि त्याच्या तारा सुटतात. तो मोठ्या सांध्यांना चालतो, लहान मुलांनाही तो बरा कारण लगेच वाहत नाही. पण मी सोबत तामियाचा एक्स्ट्रा थिन सिमेंट घेतला, हिरव्या झाकणाची चौकोनी बाटली, झाकणालाच बारीक ब्रश. हा ग्लू चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही बाजू एकमेकांत वितळून एक होतात, म्हणून तो फक्त प्लास्टिकवर चालतो, रंगावर नाही. विमानाच्या धडाचे दोन भाग आधी कोरडेच जुळवून धरले, दोन्हीकडून बोटांनी हलकं दाबलं, आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवलं. ग्लू फटीतून स्वतःच पळत गेला, शेपटीपर्यंत, डोळ्यांना दिसतो पळताना. दहा-पंधरा सेकंद थांबून अजून थोडं दाबलं की फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी कड वर येते. ती पुसायची नाही!! तशीच राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी कडक झाली की वॉटर पेपरने घासायची आणि सांधा गायब, पुट्टी लागत नाही. मी सोळाव्या वर्षी हे एकदा तरी बघितलं असतं तर मला वाटतं मी हे सोडलंच नसतं. फक्त खिडकी उघडी ठेवून काम करा, वास डोक्यात जातो, त्यात अॅसिटोन असतं.

कॉकपिट लहान आहे पण त्यात खुर्ची, पायलट सगळं बसतं, आणि धड बंद करायच्या आधी ते रंगवावं लागतं म्हणून घाई करू नका. पंख बसवताना विमान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचं, दोन्ही पंख सारखेच वर उचललेले हवेत. स्पिटफायर ओळखू येतं ते त्या लंबगोल पंखांमुळे, त्यामुळे एक पंख जरी खाली पडला तरी ते स्पिटफायर वाटत नाही. मी ग्लू लावून दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीची दोन पुस्तकं ठेवली आणि रात्रभर हात लावला नाही.

पायलटच्या डोक्यावरची काच (कॅनॉपी) लावायला फेविकॉल वापरा. साधा पांढरा फेविकॉल, टूथपिकने. सुकला की पारदर्शक होतो, जास्त लागला तर ओल्या इअरबडने पुसता येतो. सुपर ग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर धुरकट पांढरी बसते आणि मग ती काच कायमची आंधळी, आणि प्लास्टिकचा ग्लू काचेवर सांडला तर ती वितळते.

रंगकामाला मी सगळ्यात जास्त घाबरलो होतो. वरून तपकिरी (डार्क अर्थ) आणि गडद हिरवा, खालून स्काय. नाव स्काय असलं तरी तो निळा नाही, फिकट हिरवट आहे, पहिल्यांदा बघितल्यावर चुकीची डबी आली असं वाटेल पण तोच बरोबर. सेटमधले रंग अॅक्रिलिक आहेत, पाण्यात धुता येतात, घरात लहान मुलं असतील तर हे फार सोयीचं. पहिला हात दिला की तुम्हाला वाटेल सगळं वाया गेलं, कारण खालचं प्लास्टिक दिसतं, पट्टे दिसतात, घाणेरडं दिसतं. तिथेच बहुतेक जण डबीत परत ब्रश बुडवून जाड थर देतात आणि मग बारीक रेषा सगळ्या बुजतात. तसं न करता थेंबभर पाणी घालून रंग दुधाएवढा पातळ करा, एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात आधीच्याला आडवा. मला स्कायला चार हात लागले, हिरव्याला दोनच. चौथ्या हाताला तो एकदम सपाट, ब्रशचा एक पट्टा नाही, आणि मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. या किटच्या पॅनल लाइन (विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या त्या बारीक रेषा) जरा खोल आहेत, जाणकार लोक म्हणतात की स्केलच्या मानाने जास्त खोल, पण ब्रशने रंगवणाऱ्याला ते चांगलंच कारण चार हात देऊनही त्या दिसतात. मोठ्या भागाला सेटमधले ब्रश चालले, चाकं आणि पायलटच्या चेहऱ्यासाठी अप्पा बळवंत चौकातून एक शून्य नंबरचा घेतला.

डिकाल म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे ते पातळ स्टिकर. वाटीत कोमट पाणी, २०-३० सेकंद, मग बाहेर काढून कागदावरच एक मिनिट ठेवायचा, स्वतःहून सरकायला लागला की विमानावर सरकवायचा, ओढायचा नाही. मॅट रंगावर थेट लावला तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमक दिसते, म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचा एक हात द्यायचा. मी एका पंखावर दिला आणि दुसऱ्यावर कंटाळा केला, तर दुसऱ्या पंखावरचं वर्तुळ तिरकं धरलं की चमकतं. आता ते तसंच राहणार.

बऱ्याच जणांना यावर आपल्या हवाई दलाचं चक्र लावायची इच्छा होईल, मलाही झाली. पण मार्क वन वर ते लावू नका. भारतीय हवाई दलाने स्पिटफायर भरपूर वापरली, १९४७ च्या काश्मीर युद्धातही ती उडाली, पण ती नंतरची मॉडेल होती, मार्क आठ, चौदा, अठरा. चौदा आणि अठराला ग्रिफॉन इंजिन, लांब नाक आणि पाच पात्यांचा पंखा, ती विमानं वेगळीच दिसतात. दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये खरं स्पिटफायर आहे, गेलात तर नाकासमोर उभे राहून पाती मोजा. आपला एक धागा मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरशी आहे, रॉयल एअर फोर्सच्या १३२ नंबरच्या स्क्वाड्रनचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं, आणि ती स्पिटफायर उडवायची. मुंबईच्या नावाचं स्पिटफायर! मला आता तेच करायचंय, त्यासाठी वेगळे डिकाल शोधायला लागतील.

माझी मुलगी नऊ वर्षांची, ती रोज बाजूला येऊन बसायची, बाबा मला पण दे ना कापायला. तिला ग्लू द्यायची माझी तयारी नव्हती म्हणून तिच्यासाठी बंदाईचं एंट्री ग्रेड गंडम आणलं, १/१४४ चा रोबो. त्याला ग्लू नाही, रंग नाही, निपरसुद्धा नाही, पार्ट हाताने दाबून फ्रेममधून सुटतात आणि सुटलेल्या जागी डाग जवळजवळ दिसत नाही, प्लास्टिकच वेगवेगळ्या रंगात ओतलेलं. तिने दोन संध्याकाळी एकटीने केलं, मी फक्त एक खांदा दाबून दिला. कोणाला लहान मुलांना सुरुवात करून द्यायची असेल तर तेच घ्या, डोळे झाकून. तिने आता त्याच्या हातात माझ्या स्पिटफायरचा उरलेला एक्झॉस्ट पाइप दिलाय, बंदूक म्हणून.

खर्चाचं म्हणाल तर किट, निपर, तामियाचा ग्लू, वॉटर पेपर, एक ब्रश, क्लिअर कोट धरून माझे सगळे मिळून अडीच-पावणेतीन हजार गेले. यातलं किट सोडलं तर बाकी सगळं पुढच्या पाच-सहा किटना पुरेल. एअरब्रश आणि कंप्रेसर आत्ता घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी, आधी ब्रशने दोन विमानं करा. ऑनलाइन मागवणार असाल तर बॉक्स आला की त्याच दिवशी कॅनॉपी तपासा, मला आधी एका दुकानातून आलेल्या बॉक्समध्ये ती तडकलेली होती आणि मी पंधरा दिवसांनी उघडला म्हणून बदलून मिळाली नाही.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो फक्त निपर सोबत नाही म्हणून, नवीन माणसाला तो लागतो हे माहीतच नसतं.

मॅट कोट राहिलाय तो मुद्दाम ठेवलाय. स्प्रेच्या डब्यातला लॅकर पावसाळी हवेत मारला की ओलावा धरून पांढरट पडतो, आणि आत्ता पुण्यात गॅलरीतले कपडे तीन दिवस वाळत नाहीयेत. विमान शोकेसमध्ये काचेच्या आत ठेवलंय, दोन दिवस सलग ऊन पडलं की दुपारी गच्चीवर जाऊन मारणार.