'द बँड्स व्हिजिट' की 'वन्स'? एकच संध्याकाळ हाताशी असेल तर

लातूर, परभणी किंवा अंबाजोगाईला वाचनालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसांसमोर संगीताभोवतीचा एखादा हळुवार चित्रपट दाखवायचा असेल, तर हे दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. दोन्ही २००७ चे, दोन्ही दीड तासाच्या आत संपणारे. पण दोघांना लागणारं सभागृह वेगळं आणि प्रेक्षकही वेगळा.

एरान कोलिरिनच्या 'द बँड्स व्हिजिट'मध्ये अलेक्झांड्रियाच्या पोलिस वाद्यवृंदातले आठ इजिप्शियन वादक इस्रायलमध्ये पेताह तिकवाऐवजी बेत हतिकवा नावाच्या वाळवंटी वस्तीत जाऊन पोचतात. पुढची बस थेट दुसऱ्या दिवशी. कडक इस्त्रीचा फिकट निळा गणवेश, हातात वाद्यांच्या पेट्या आणि एका खानावळवालीचा आसरा. एवढंच कथानक. नावावरून गाणी-बजावणी अपेक्षित धरून आलेला माणूस हिरमुसतो, कारण वाद्यं बराच वेळ पेटीतच राहतात. चित्रपट चालतो तो संवादांमधल्या अवघडलेल्या थांब्यांवर. वाद्यवृंदप्रमुख झालेला सॅसन गबाई नुसता टोपी सावरतो आणि खानावळवाली झालेली रोनित एल्काबेत्झ कलिंगड कापते, त्यातही बरंच काही घडत असतं.

म्हणूनच मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये हा लावू नये. कूलर आणि पंख्यांच्या घरघरीत ते थांबे मरतात, मग चित्रपट नुसता संथ वाटतो. डिसेंबर-जानेवारीत, पंखे बंद ठेवून, बंद सभागृहात लावा. वीज जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टर चालेल. खिडकीखाली डिझेल जनरेटर नको.

जॉन कार्नीच्या 'वन्स'ला हे पथ्य नाही. डब्लिनच्या रस्त्यावर गिटार वाजवणारा एक जण आणि चेक स्थलांतरित मुलगी यांची ओळख होते आणि गाणी जवळजवळ पूर्ण वाजतात. त्यातल्या 'फॉलिंग स्लोली'ला ऑस्कर मिळालं. आवाज चांगला असेल तर कूलर चालू असतानाही तो पोचतो. अडचण दुसरीच: शिव्या भरपूर. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं एकत्र बसणार असतील तर नको. कॉलेजच्या पोरांना मात्र हाच दाखवा.

मिश्र वयाच्या प्रेक्षकांसाठी आमचा कौल 'द बँड्स व्हिजिट'ला. प्रौढ विषय त्यातही आहेत, पण ते आडून येतात.

उपशीर्षकांचं काम मात्र त्यालाच जास्त. अरबी, हिब्रू आणि इंग्रजी अशा तीन भाषा आहेत. इंग्रजी निम्म्याहून जास्त भरल्यामुळे ऑस्करच्या परभाषा विभागातून तो बाद झाला होता. काही फायलींत इंग्रजी संवादांना उपशीर्षकं नसतात; ती सबंध चित्रपटभर हवीत. मराठी करणार असाल तर अरबी-हिब्रू संवाद सफाईदार मराठीत लिहा, पण इंग्रजी संवाद तुटक ठेवा. दोन्ही बाजू शब्द चाचपडत बोलतात, त्यातच गंमत आहे. सगळं एकसारखं गुळगुळीत केलं की ती जाते. 'वन्स'मध्ये नायिका एक वाक्य चेकमध्ये बोलते आणि मूळ चित्रपट त्याचा अर्थ सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावला तर जोडाक्षरं फुटू शकतात. लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरा. उपशीर्षकं सुरुवातीपासून सारख्याच अंतराने मागेपुढे असतील तर जी आणि एच या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने जुळतात. अंतर वाढतच जात असेल तर फ्रेमच्या वेगात फरक आहे. सेकंदाला २५ आणि २३.९७६ फ्रेम यांची गल्लत झाली तर शेवटाला साडेतीन मिनिटांच्या आसपास तफावत पडते आणि ती कळांनी भरून निघत नाही. फाइल बदलून घ्यावी. त्यामुळे आदल्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांतला एखादा संवाद लावून बघा. आणि ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. सभागृहात दाखवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी आधीच घ्या.